वासाची एकही तक्रार नाही

२ सप्टेंबर, सोमवार

आज संगणकावर तक्रारींचा सर्च सुरू झाला. या डेअरीत बारा वर्षं झाली, आणि माझ्या हातचं म्हणावं असं काही आज पहिल्यांदा झालं. म्हणून वही काढली.

दुधाच्या कारखान्यात बारा वर्षं काढली, आणि दुधाचा मला लहानपणापासून तिटकारा. सायीचा तुकडा ओठाला लागला तरी शिसारी येते. घरी दूध तापवते ते श्वास रोखून. रेकॉर्ड रूम टाक्यांपासून लांब आहे म्हणून निभतं. लोकांना हे सांगत नाही, हसतील.

ग्राहकांच्या तक्रारी फोनवाली टाइप करते. आतापर्यंत त्यांतलं काही शोधायचं तर सगळ्या वाचाव्या लागत. आता यंत्र त्या वाचतं. म्हणजे खरं तर तोडतं. तक्रार म्हणजे त्याच्या लेखी अक्षरांची लांब माळ. ती आधी मोकळ्या जागांवर आणि विरामचिन्हांवर तोडायची. मग प्रत्येक तुकड्याची शेपूट छाटायची, म्हणजे ‘पिशवीला’, ‘पिशवीतून’, ‘पिशवीवर’ हे सगळे एकाच खुंटीला टांगता येतात. मग जे तुकडे जिथेतिथे सापडतात ते टाकून द्यायचे, कारण ते शोधून कुणाच्या हाती काही लागत नाही. उरलेल्यांची सूची करायची, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. ग्रंथालयशास्त्र शिकताना मी हेच कार्डांवर करत होते.

टाकायचे शब्द हाताने निवडायला बसले होते. ‘आहे’, ‘आणि’, ‘पण’. मग वाटलं, हे ठरवणारी मी कोण? माझ्या आवडीनिवडी त्यात शिरणार. म्हणून नियमच केला: वर्षभरातल्या एक-तृतीयांशाहून जास्त तक्रारींत जो शब्द येईल तो आपोआप गाळयादीत. दर रविवारी पहाटे यंत्र नव्याने मोजेल. त्यात माझं मत नाही, कुणाचंच नाही. हे मला फार स्वच्छ वाटलं.

लेक म्हणाली, “म्हणजे तू शब्द चिरतेस आणि देठं फेकतेस.” अगदी तसंच.

४ सप्टेंबर, बुधवार

काही सापडलं नाही तर यंत्राने काय म्हणायचं, यावर अर्धा दिवस गेला. मी दोन वाक्यं केली होती. एक, “या शब्दाची एकही तक्रार आलेली नाही.” दुसरं, गाळलेल्या शब्दांसाठी, “हा शब्द शोधला जात नाही.”

व्यवस्थापकांनी दुसरं वाचून कपाळाला हात लावला. त्यांना सगळे पाठीमागे आलेखसाहेब म्हणतात, कारण त्यांच्या खोलीतल्या पांढऱ्या फळ्यावर कायम एक चढती-उतरती रेघ असते. “मॅडम, ‘शोधला जात नाही’ असं कुठलं यंत्र तोंड वर करून सांगतं? मला हे वरच्यांना दाखवायचंय. एकच वाक्य ठेवा.”

मी थोडी हुज्जत घातली. मग विचार केला, ‘आणि’ हा शब्द शोधायला कोण येणार आहे? दुसरं वाक्य काढलं. पहिलं तीनदा वाचलं. नेटकं आहे.

९ सप्टेंबर, सोमवार

आलेखसाहेबांनी ‘वास’ शोधला. गेल्या आठवड्यात अडतीस तक्रारी. त्याआधी एकोणतीस होत्या. त्यांनी फळ्यावर रेघ वर नेली आणि चाखणाऱ्या मावशींना बोलावलं.

मावशी एकतीस वर्षं इथे आहेत. रोज सकाळी सात वाजता प्रत्येक टाकीतलं दूध चमचाभर तोंडात घेतात, फिरवतात, स्टीलच्या भांड्यात थुंकतात, आणि तक्त्यावर दोनपैकी एका रकान्यात खूण करतात: ‘वास आहे’, ‘वास नाही’. खाली सही. मग गाड्या सुटतात. सगळे त्यांना नाकमावशी म्हणतात. खरं लिहायचं तर मला त्यांची किळस येते. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब वाळलेला असतो, आणि त्या तशाच समोर येऊन बोलतात.

“मी तीन महिने ‘आहे’ लिहितेय,” मावशी म्हणाल्या. “आणि तुम्ही खाली लाल शाईने ‘सौम्य, सोडावे’ लिहिता. पाइप चाळीस मिनिटं धूत होतो तो तुम्ही पंचवीसवर आणला, एक बॅच जास्त बसवायला. आत कुठेतरी दूध अडकून सडतंय.”

“मावशी, धुण्याचं औषध बदललंय, त्याला पंचवीस पुरतात. वास प्लॅस्टिकचा आहे. पिशवीचा.”

“साहेब, मी पिशवी चाटत नाही. मी दूध चाखते.”

मला हसू आलं, पण साहेबांकडे बघून दाबलं. दोघांपैकी कोण बरोबर हे मला कळायला मार्ग नाही. मला सगळ्याच दुधाला वास येतो.

१६ सप्टेंबर, सोमवार

एक्कावन्न. साहेबांनी पिशवीच्या प्लॅस्टिकचा पुरवठादार बदलायचं ठरवलं. नवे रोल शनिवारी मशीनवर चढतील.

२३ सप्टेंबर, सोमवार

शून्य.

सकाळी साहेबांनी शोधलं, मग मला हाक मारली, मग मी शोधलं. “या शब्दाची एकही तक्रार आलेली नाही.” मी तीनदा शोधलं. तीनदा तेच.

“बघितलंत? प्लॅस्टिक!” साहेबांनी रेघ फळ्याच्या तळाशी आणून टेकवली. इतकी खाली की मार्करची शाई चौकटीला लागली.

मनात एक खुटखुट आहे. शनिवारी रोल बदलले, पण जुन्या पिशव्या रविवारपर्यंत तरी लोकांकडे असणारच. आणि सोमवार ते शुक्रवारचं काय? पण मी मुळात संशयी. नवरा म्हणतो, तुला कुलूप लावल्यावर कुलपाचाही संशय येतो. यंत्राला काय पडलंय खोटं बोलायचं?

२४ सप्टेंबर, मंगळवार

त्या शून्याचा कागद छापून मलाच न्यायला लावला. मावशी खुर्चीवर बसल्या नाहीत.

“एकतीस वर्षं झाली,” साहेब म्हणाले, आवाज अगदी मऊ. “डोळ्यांना चष्मा लागतो, गुडघे दुखतात. नाकही म्हातारं होतं, मावशी. त्यात लाजण्यासारखं काही नाही. गावात कुणालाच वास येत नाही, फक्त तुम्हाला येतो. असं किती दिवस चालायचं?”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. “हा कागद तू काढलास?”

“हो.”

“नीट बघून?”

“तीनदा बघितलं, मावशी.”

त्यांनी कागदाची बारीक घडी घातली आणि पिशवीत ठेवली. मी खरं तेच सांगितलं. तरी दुपारचा डबा तसाच परत आणला.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मावशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या, फोनवालीने सांगितलं. नाकात दोष नाही, वयानुसार थोडंफार होतं, असं तो म्हणाला. स्वतःहून तपासायला गेल्या याचं मला कौतुक वाटलं. माणसाने आपल्या चुकीची शक्यता अशीच मोकळेपणाने मान्य करावी.

२८ सप्टेंबर, शनिवार

घरी रोज एक पिशवी कारखान्याकडून मिळते. लेकीने आज पेला ढकलला. “आई, याला वास येतोय.”

“येत नाही.”

“तू घेऊन बघ मग.”

“मला बघायची गरज नाही. सगळ्या गावाच्या तक्रारी माझ्याकडे येतात. वासाची एकही नाही. नाटकं पुरेत.”

तिने नाक दाबून संपवलं. तेरा वर्षांची आहे, या वयात सगळ्याच मुलांना घरच्या दुधाचा वीट येतो. आणि कदाचित माझा तिटकाराच तिच्यात उतरला असेल. मला त्याची चिंता वाटते. नवरा मधे पडला नाही, पेपर वाचत कोरा चहा पीत बसला. महिनाभर कोराच पितोय. वजन कमी करायचं असेल.

१ ऑक्टोबर, मंगळवार

जुने तक्ते फायलीला लावायला सातला चाखणीच्या टेबलाशी गेले होते. मावशी आता किती शांत झाल्यात. पूर्वी एकेक घोट मिनिटभर फिरवायच्या, डोळे मिटून. आज चमचा ओठाला लावला न लावला, ‘नाही’वर खूण, सही, पुढची टाकी. दहा मिनिटांत सगळं उरकलं. शुक्रवारपासूनचे सगळे तक्ते ‘नाही’चे आहेत. साहेबांच्या लाल शाईची गरजच उरली नाही.

“बरं वाटतंय ना आता, मावशी?” मी विचारलं.

“बरं?” त्या म्हणाल्या, आणि तोंड धुवायला गेल्या. बराच वेळ नळ चालू होता.

५ ऑक्टोबर, शनिवार

लेकीला शाळेत उलटी झाली, घरी पाठवलं. मी तिला बोलले, की डब्यातलं अर्धं टाकून बाहेरचं काहीबाही खात असणार. नवरा म्हणाला, “तिने सकाळचं फक्त दूध घेतलं होतं.” मी म्हटलं, “मग दुधाने कशी होईल?” त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पेपर उघडला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

हे लिहिताना बोटांना साबणाचा वास येतोय. संध्याकाळपासून चारदा हात धुतले.

काल तिसरं शून्य झालं. आज साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, वरच्यांचं पत्र वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. फोनवालीने वाजवल्या नाहीत. खाली येताना मी तिला छेडलं, “काय गं, तुला आनंद नाही झाला?”

“झाला ना, ताई. पण एक सांगा, ते शून्य म्हणजे नक्की कशाचं?”

“वासाच्या तक्रारींचं.”

ती जिन्यात थांबली. “मग मी सकाळी आठपासून काय टाइप करते? ‘दुधाला वास येतो. दुधाला वास येतो.’ बोटांना पाठ झालंय. काल तर एका आजोबांनी मला फोनवरच हुंगायला लावलं असतं!”

मी रेकॉर्ड रूममध्ये आले, दार लावलं. ‘वास’ शोधला: एकही तक्रार आलेली नाही. मग, का कोण जाणे, ‘दूध’ शोधला.

“या शब्दाची एकही तक्रार आलेली नाही.”

दुधाच्या डेअरीत दुधाची एकही तक्रार नाही. ‘पिशवी’? एकही नाही. मी गाळयादी उघडली. ‘आहे’, ‘आणि’, ‘मला’, ‘दूध’, ‘पिशवी’, आणि सगळ्यात खाली, बावीस सप्टेंबरच्या रविवारी पहाटे चढलेला, ‘वास’.

त्या दिवशी वर्षभराच्या अकराशे ऐंशी तक्रारी होत्या. त्यांतल्या चारशे बारा वासाच्या. एक-तृतीयांशाची रेघ ओलांडली गेली. लोक ओरडत होते तोवर ते दिसत होते. आणखी लोक ओरडायला लागले आणि सगळे एकदम दिसेनासे झाले. त्यांच्याबरोबर मागच्या अडतीस आणि एक्कावन्नसुद्धा, पण त्या फळ्यावर मार्करने लिहिलेल्या होत्या, म्हणून कुणी पुन्हा शोधल्या नाहीत.

यादीतून शब्द काढून पुन्हा मोजलं. ज्या आठवड्याला मी तीनदा बघून शून्य म्हटलं त्यात बहात्तर. पुढच्यात ऐंशी. गेल्या आठवड्यात पंच्याण्णव. एकूण पाचशे सत्त्याऐंशी.

नियम माझा. वाक्यही माझं. आणि “शोधला जात नाही” हे वाक्य मी स्वतः लिहून स्वतः पुसलं.

घरी आले. लेक अभ्यास करत होती. म्हटलं, “तू म्हणत होतीस ते खरं होतं. दुधाला वास येतोय.”

“मग मला का प्यायला लावलंस?”

“मी कागदावर विश्वास ठेवला.”

“आई, पेला तर समोर होता.”

स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

९ ऑक्टोबर, बुधवार

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. वाटलं होतं हादरतील. ते फळ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “वरच्यांना तीन आठवडे शून्य कळवलंय मी.”

“म्हणूनच आज कळवायला हवं, साहेब. पाइप उघडायला हवा.”

“कशाच्या आधारावर? चाखणीचे तक्ते बघा. नाही, नाही, नाही. खाली सही कुणाची? माझी नाही.” ते खुर्चीवर बसले. “तुमच्या यादीत लिहिलंय वास आहे, मावशींच्या सहीत लिहिलंय नाही. तुम्ही पत्र पाठवलंत तर पहिली नोकरी त्यांची जाईल. पेन्शनला तीन वर्षं राहिलीत त्यांच्या. बघा बाई, तुमच्या मनाला पटत असेल तर.”

त्यांचा आवाज पुन्हा तोच, मऊ. त्या मऊपणाची किळस आली. पण वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिते: “सही मावशींची” हे ऐकल्यावर क्षणभर मला हायसं वाटलं. आपल्याखेरीज आणखी कुणाचं तरी नाव कागदावर आहे याचं. साहेबांची किळस त्यामानाने सोपी आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार

कामावरून थेट मावशींच्या घरी गेले. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीत कपडे. त्या लसूण सोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पायानेच पाट पुढे सरकवला.

“मावशी, तुमचं नाक बरोबर होतं.” आणि मी सगळं सांगितलं. शब्द कसे तोडतात, कुठले टाकतात, एक-तृतीयांश म्हणजे काय. त्यांनी लसणाची एक पाकळी धरून ठेवली होती, सोलायची राहून गेली.

“म्हणजे थोड्यांनी सांगितलं असतं तर दिसलं असतं?”

“हो.”

“आणि खूप जणांनी सांगितलं म्हणून दिसलं नाही?”

“हो.”

“हे तू कॉलेजात जाऊन शिकलीस?”

“हो, मावशी.”

“मला येत होता,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे, मावशी, म्हणूनच—”

“तुला काय माहीत आहे? चौदा दिवस, रोज, मला वास येत होता आणि मी ‘नाही’ लिहिलं. डॉक्टर म्हणाला नाक चांगलंय. मग म्हटलं, डोक्यात असेल. माझी आई शेवटी-शेवटी म्हणायची, भिंतीला वास येतो, उशीला वास येतो. म्हटलं, माझंही तेच सुरू झालं. चमचा तोंडात घ्यायलाच भीती वाटायला लागली. नुसता ओठाला लावायचे. आणि सही करायचे.” त्यांनी पाकळी ताटात टाकली. “गावाला मी ते पाजलं. माझ्या सहीने.”

मी सांगितलं की मला वरच्यांना कळवायचंय, पण साहेब म्हणतात सह्या तुमच्या आहेत, तेव्हा तुम्हाला विचारल्याशिवाय...

“तू मला विचारायला आलीस, की मी ‘नको’ म्हणावं म्हणून आलीस?”

मी उठले, पाट भिंतीला टेकवला.

जिन्यापर्यंत सोडायला आल्या. “उद्या सातला ये. खरी यादी घेऊन ये. सगळी.”

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सातला पोचले. पाचशे सत्त्याऐंशी तक्रारींचा गठ्ठा छातीशी धरून. वरच्यांना त्याची प्रत आणि माझं पत्र मी पावणेसातलाच पाठवून टाकलं होतं, कारण मला स्वतःचा भरवसा नव्हता. पत्रात नियम कुणाचा, वाक्य कुणाचं, हे आधी लिहिलं.

मावशींनी पहिल्या टाकीचं दूध घेतलं. डोळे मिटले. मिनिटभर फिरवलं. थुंकल्या, आणि तोंड असं वाकडं केलं की बाहेर खिडकीशी उभे असलेले ड्रायव्हर हसायचे थांबले. ‘वास आहे.’ दुसरी टाकी, ‘आहे’. चारही टाक्या.

मग त्यांनी फाईल ओढली, मागचे चौदा तक्ते काढले, आणि एकेकाच्या समासात लिहू लागल्या: “त्या दिवशीही होता.” खाली सही, आजची तारीख. साहेब आले तेव्हा त्या सातव्यावर होत्या.

“मावशी! हे रेकॉर्ड आहे. यात फेरफार केलात तर नोकरीवर पाणी सोडावं लागेल.”

“फेरफार आधी केला होता, साहेब. ही दुरुस्ती आहे.” त्यांनी वर पाहिलंही नाही. “आठवा दे गं इकडे.”

मी आठवा तक्ता दिला. साहेबांनी खिशाला हात घातला. लाल पेन अर्धं बाहेर आलं. खिडकीत सात-आठ ड्रायव्हर होते, सगळ्यांची नजर पेनावर. त्यांतला एक अगदी निवांत म्हणाला, “लिहा ना साहेब, ‘सौम्य’. एक घोट घ्या आणि लिहा.”

पेन परत खिशात गेलं. गाड्या थांबल्या.

१४ ऑक्टोबर, सोमवार

वरून दोघे आले. त्यांच्यासमोर फिटरने पॅकिंग मशीनमागचा पाइप वळणावर खोलला. आधी काहीच आलं नाही. मग त्याने तार घातली, ओढली, आणि ते बाहेर आलं. हातभर लांब, पिवळट-राखाडी, रबरासारखं, टोकाला हिरवं. जमिनीवर पडताना त्याचा जो ओला आवाज झाला तो अजून कानात आहे. वास आला तसे वरून आलेले दोघे रुमाल धरून दारापर्यंत मागे गेले. मी भिंतीशी जाऊन ओकले.

“चार महिन्यांचं बाळ आहे, साहेब,” फिटर म्हणाला. “चांगलं पोसलंत.”

यावरून गेलेलं दूध मी रोज सकाळी लेकीसमोर ठेवत होते आणि संपेपर्यंत उभी राहत होते.

मावशी तोंडाला काही न लावता जवळ गेल्या, वाकल्या, नाकपुड्या फुलवून एक दीर्घ श्वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला समाधान म्हणता येणार नाही. हरवलेली वस्तू कुजलेली सापडावी, तसं काहीतरी.

२१ ऑक्टोबर, सोमवार

चौकशी झाली. लांब टेबल, पाण्याचे पेले, पाच जण. धुण्याची वेळ पुन्हा चाळीस मिनिटं. साहेबांची बदली नाही, फक्त “समज”. मलाही लेखी समज. त्यांना आणि मला एकाच शब्दात बसवलं याचा राग आला. मग वाटलं, का बसवू नये?

मावशींना विचारलं, “तुम्हाला वास येत होता, तर सह्या का केल्या?”

“कागदावर शून्य होतं,” मावशी म्हणाल्या. “आणि माझ्याकडे नुसतं नाक.”

त्यांची नोकरी राहिली, वर्षाची वाढ गेली. नवा नियम: चाखणीला दोन सह्या. दोघांनी स्वतंत्र चाखायचं, दोघांच्या खुणा जुळल्या तरच गाड्या सुटतील, ‘सोडावे’ लिहायचा अधिकार कुणालाच नाही. दुसरी सही कुणाची, यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले.

“हिची,” मावशी म्हणाल्या, आणि बोट माझ्याकडे.

मी सगळ्यांसमोर कबूल केलं की मला दुधाची किळस येते, घोटही जात नाही. पाचातला एक हसला. मावशी हसल्या नाहीत. “जाईल,” त्या म्हणाल्या. “मी कुठे आवडीने घेते?”

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सात वाजता टेबलाशी. स्वच्छ चमचा, कोमट दूध, स्टीलचं भांडं.

“गिळायचं नाही,” मावशी म्हणाल्या. “जिभेखाली जाऊ दे, नाकाने श्वास सोड, मग थुंक. आणि माझ्या तक्त्यात डोकावायचं नाही. तुझं तू लिहायचं.”

घेतलं. जिभेवर ते कोमट, जाडसर. अंगभर काटा आला, डोळ्यांत पाणी. थुंकले. खूण केली: ‘वास आहे.’

मावशींनी त्यांचा तक्ता पुढे केला. ‘वास नाही.’

बाहेर गाड्यांची इंजिनं सुरू होती. साहेब दारात येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. जुळत नाही म्हणजे गाड्या सुटणार नाहीत.

“परत घे,” मावशी म्हणाल्या.

परत घेतलं. वास होताच. पण हा वास कालही होता, बारा वर्षांपूर्वीही होता, लहानपणी आईच्या हातातल्या पेल्यालाही होता. यात सडकं काही आहे की हे नुसतं दूध आहे, हे माझ्या जिभेला वेगळं करता येईना. तिसऱ्यांदा घेतलं. ‘नाही’ लिहिलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. मावशींचं बरोबर असणार याची मला खात्रीच होती. पण ती खात्री त्यांच्या जिभेची होती. पेन ‘नाही’च्या रकान्यावर धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी आधीची खूण खोडली आणि तक्त्याच्या खाली, मोकळ्या जागेत लिहिलं: “मला कळत नाही.”

साहेब पुढे आले, वाचलं. “मॅडम, असा रकाना नाहीये.”

मावशींनी टेबलाच्या खणातून पट्टी काढली, माझा तक्ता स्वतःकडे ओढला, आणि दोन रकान्यांच्या शेजारी वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ मारली.

“आता आहे,” त्या म्हणाल्या.

दूध प्रयोगशाळेत पाठवलं. निकाल येईपर्यंत, साडेदहापर्यंत, गाड्या उभ्या होत्या. ड्रायव्हर मला ऐकू जाईल अशा आवाजात काय काय बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. दूध चांगलं निघालं. उद्या पुन्हा सातला.